सातजण आणि सहा जागा

वाचकाचं पत्र:

«ताई, आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. यंदा धोंड्याचा महिना आहे म्हणून नणंद आणि जावईबापू पुण्याहून येणार आहेत, २५ मे ते ३ जून. जावयांना जंगलाची फार आवड, मोठा कॅमेरा आहे. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय की ताडोब्याचा कोअर (जंगलाचा आतला गाभा) आणि तोही मोहर्ली गेटमधून बघायचा. आमचे हे म्हणतात, एवढ्या उन्हात चंद्रपूरपर्यंत कशाला, पेंच जवळ आहे. आम्ही एकूण सातजण : सासूबाई (वय ७२, गुडघे आणि कंबर दोन्ही धरलेले), आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, नणंद, जावई आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा. जिप्सीत सहाच जण बसतात. मी घरी राहिले तर प्रश्न सुटतो, आल्यावर गरम स्वयंपाकही तयार मिळेल. एक एजंट व्हॉट्सॲपवर कन्फर्म परमिट देतो म्हणतोय, वाघ नक्की दिसेल म्हणतो. पण उद्यापर्यंत सगळ्यांचे आधार कार्ड आणि अर्धे पैसे मागतोय; नावं मागाहून बदलून देतो म्हणे. जावई काही वर्षं अमेरिकेत होते, तिकडे एक पास काढला की वर्षभर सगळी राष्ट्रीय उद्यानं बघता येतात. असा पास आपल्याकडे नाही का? कोणता पास घेऊ ते सांगा. नागपुरात राहून जावयाला वाघ दाखवता आला नाही, असं व्हायला नको.»

ताई,

एजंटला आज उत्तर देऊ नका आणि पैसे तर मुळीच पाठवू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. परमिटवर ज्यांची नावं असतात तीच माणसं गेटवर लागतात. मूळ ओळखपत्र बघतात, नाव जुळवतात आणि मगच आत सोडतात. नावं मागाहून बदलून देतो म्हणणाऱ्या माणसाने एकतर भलत्याच नावांवर जागा अडवून ठेवलेल्या असतात, नाहीतर त्याच्याजवळ जागाच नसते. दोन्हीकडून पहाटे पाच वाजता सासूबाईंना आणि लेकराला घेऊन गेटबाहेर उभं राहायची पाळी तुमच्यावर येणार. आणि वाघ नक्की दिसेल, असं तर जंगलात अख्खी हयात घालवलेला गाइडसुद्धा म्हणत नाही. जो म्हणतो त्याला जंगल माहीत नाही, हे धरून चाला.

बुकिंग घरबसल्या वनविभागाच्या संकेतस्थळावर होतं. उघडाल तेव्हा पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का, एवढं बघा. ताडोब्याच्या आणि पेंचच्या नावाने हुबेहूब सरकारी वाटणारी खाजगी पानं बरीच आहेत, आणि शोधायला गेलं की बरेचदा तीच आधी वर येतात.

आता जावईबापूंच्या पासाचं. ते सांगतात ते खरं आहे. अमेरिकेत 'अमेरिका द ब्यूटिफुल' नावाचा वार्षिक पास असतो. तिथल्या रहिवाशांना तो ८० डॉलरला पडतो. जानेवारी २०२६ पासून बाहेरदेशच्या पाहुण्यांसाठी त्याचे २५० डॉलर केलेत. पास गाडीत ठेवला की आपली गाडी घेऊन आत जायचं, हवं तिथे थांबायचं. पण त्यांचं यलोस्टोन उद्यान जवळपास नऊ हजार चौरस किलोमीटरचं आहे, आणि ताडोब्याचा कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा. एवढ्याशा जागेत वाघीण बछडे वाढवते, आणि ते बघायला आपण सगळे जातो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन काही महिने पूर्ण थांबवलं होतं. मग राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नियम घालून दिले : कोअरचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटकांसाठी, आणि प्रत्येक गेटमधून प्रत्येक पाळीला ठरलेल्याच गाड्या. त्यामुळे आपल्याकडे लोक पास म्हणत असले तरी हातात पडतं ते एका तारखेचं, एका पाळीचं, एका गेटचं आणि एका गाडीतल्या जागेचं परमिट. सकाळचं परमिट दुपारी चालत नाही, मोहर्लीचं कोलारा गेटला चालत नाही. स्वतःची गाडी गेटवरच ठेवायची. जावयांना हे समजावून सांगा. जंगलावर प्रेम असलेल्या माणसाला ते पटतं.

गेट या शब्दावर मी एवढी अडून बसते, त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही पेंचच्या सिल्लारी गेटपाशी मुक्काम केला होता. आई, मावशी, आम्ही दोघं आणि दोन मुलं. परमिट मी काढलं होतं. पेंच लिहिलं, तारीख निवडली, पैसे भरले, कागद छापून पर्समध्ये ठेवला. पहाटे अंधारात गेटवर गेलो. थंडी अशी की आई शालीवर शाल घेऊन बसलेली. गार्डने टॉर्चच्या उजेडात माझा कागद बघितला, रजिस्टर बघितलं, पुन्हा कागद बघितला. मग हळू आवाजात म्हणाला, "बाई, हा तर तुरियाचा कागद आहे. एमपीचा." पेंच नदीच्या दोन्ही अंगाला जंगल आहे, पण व्याघ्र प्रकल्प दोन आहेत. एक महाराष्ट्राचा, एक मध्य प्रदेशाचा. संकेतस्थळं वेगळी, गेटं वेगळी, सुट्टीचे वारही वेगळे. तुरिया तिथून तासाभराच्या रस्त्यावर. पोचेपर्यंत आत सोडायची वेळ टळून गेली असती. आमच्यासमोरून एकेक जिप्सी दिवे लावून आत गेली, लाल मातीचा धुरळा उडाला, आणि मुलांची तोंडं बघवेनात. पैसे गेले ते गेलेच, परत मिळत नाहीत.

तेव्हा आपल्या बाजूची गेटं लिहून ठेवा : सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, खुबाळा, कोलितमारा. ही महाराष्ट्राची. तुरिया, कर्माझिरी, जमतरा ही मध्य प्रदेशाची, त्यांचं बुकिंग एमपी ऑनलाइन या तिकडच्या संकेतस्थळावर. तिकडे परमिटचे पैसे आधी भरायचे आणि जिप्सी-गाइडचे गेटवर वेगळे द्यायचे. आपल्याकडे बुकिंग करताना पावतीत जिप्सी आणि गाइड धरलेत का, मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याचे पैसे वेगळे लागणार का, हे नीट वाचून मगच 'पे' दाबा. ताडोबा मंगळवारी बंद असतो. मध्य प्रदेशातली उद्यानं बुधवारी दुपारच्या पाळीला बंद. तुमच्या दहा दिवसांत २६ मे आणि २ जून हे दोन मंगळवार येतात, आणि पाहुणे ३ तारखेला जाणार, म्हणजे शेवटचा दिवस धरून बेत आखू नका.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य. मी घरी राहिले तर प्रश्न सुटतो.

नाही सुटत, ताई. जिप्सीत बाकीचे सहाजण बसावेत म्हणून घरातली सून वजा करायची, हा हिशेब मला मान्य नाही. मी पत्र तीनदा वाचलं. जावयांना काय हवंय ते आहे, यजमानांचं म्हणणं आहे, एजंटचं म्हणणं आहे. सासूबाईंना काय वाटतं याबद्दल एक शब्द नाही, त्यांच्या गुडघ्यांबद्दल मात्र आहे. तुम्हाला जंगल बघायचंय की नाही, हेही नाही. तुम्ही त्यांच्याजवळ बसून विचारलंय का, की आई, तुम्हाला यायचंय का? खरंच विचारा. जावयांसमोर नको, एकट्या असताना. कदाचित त्या म्हणतील, मला कशाला ते हादरे, मी रामटेकला रामाचं दर्शन घेते. त्या दिवशी सिल्लारीहून परतताना माझी आईच म्हणाली होती, चला, रामटेक वाटेतच आहे. गडावर तिने मुलांना माकडांना चणे टाकू दिले नाहीत, ओरडली, आणि मग सगळ्यांना पायरीवर बसवून आदल्या रात्रीच्या दशम्या वाढल्या. मुलांना आजही तो दिवस आठवतो. पण कदाचित सासूबाई असंही म्हणतील की, जन्म नागपुरात गेला, वाघ नाही बघितला गं. मग त्यांची जागा पहिली.

त्या येणार असतील तर काही गोष्टी लक्षात ठेवा. जिप्सी उंच असते, चढताना पाय बराच वर उचलावा लागतो. गेटवर एखादं स्टूल मिळतं का ते विचारा, नाहीतर घरचंच लहान स्टूल डिकीत टाका. त्यांना मागच्या बाकावर बसवू नका. ती बाक नेमकी मागच्या चाकांवर येते आणि प्रत्येक खड्डा सरळ मणक्यात बसतो. ड्रायव्हरच्या लगतची बाक त्यांची, पाठीला उशी. तीन-साडेतीन तास मनाला येईल तिथे उतरता येत नाही, हे त्यांना आधी सांगा, म्हणजे पहाटेचा चहा त्या अंदाजाने घेतील. बायकांसाठी ही मोठी अडचण असते आणि घरात कोणी उघड बोलत नाही.

चार वर्षांच्या लेकराचं मात्र मी स्पष्ट सांगते, त्याला या फेरीला नेऊ नका. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, २५ मेपासून लागतो, त्याच दिवशी तुमचे पाहुणे उतरणार. पंचेचाळीस डिग्रीत उघड्या गाडीत एवढं पोर काय बघणार? त्याला शांत बसवत नाही, आणि त्याच्यावर सगळेजण शू, शू करत राहतात. त्याच्यासाठी गोरेवाडा आहे. काटोल रोडवर, घरापासून शहरातल्या शहरात. २०२१ पासून तिथे बसमधून सफारी करता येते. वाघ, बिबट, अस्वल बंदिस्त जंगलात का होईना पण हमखास बघायला मिळतात. बसमध्ये सासूबाईंनाही बसता येईल, सातच्या सात जण मावतील. सकाळची वेळ घ्या. लेकराला वाघ दाखवल्याचं समाधान तिथेच पदरात पडतं, आणि मग मोठ्यांच्या जंगलाला घाई राहत नाही.

मोठ्यांसाठी मी असं करीन. पेंच, सिल्लारी गेट, सकाळची पाळी, शुक्रवार २९ मे. एक पूर्ण जिप्सी. आदल्या दिवशी ऊन कललं की चार-साडेचारला निघायचं. मनसर, चोरबाहुली, मग पवनीवरून आत. दोन तासांत पोचाल. रात्री सिल्लारीलाच मुक्काम, वनविभागाची राहायची सोय तिथे आहे. ती आधी मिळते का बघा, मगच परमिटला हात घाला. परमिट मिळालं आणि मुक्काम नाही मिळाला तर रात्री दोनला उठून नागपूरहून निघावं लागेल, ते सासूबाईंना झेपायचं नाही. उन्हाळ्यात सकाळची पाळी साडेपाचच्या सुमारास सुरू होते आणि ऊन चढायच्या आत माणूस परत येतो. दुपारची पाळी साडेतीनच्या सुमारास, तेव्हा लोखंडी दांड्याला हात लावला तरी चटका बसतो. वाघ दुपारी पाणवठ्यावर येतो म्हणून फोटोवाले दुपारचीच पाळी धरतात, आणि ते बरोबरही आहे. पण तुमच्या घरच्या माणसांना सकाळच बरी.

जिप्सीत कोण? सासूबाई (आल्या तर), नणंद, जावई, तुमची लेक आणि तुम्ही. पाच झाले. सहावी जागा रिकामीच राहू द्या, कॅमेऱ्याच्या पिशवीला आणि पाण्याच्या कॅनला. भाच्याला त्याच्या मामाजवळ मुक्कामाला ठेवा. तुमचे यजमान नागपूरचेच, ते पुढच्या महिन्यातही पेंचला जाऊ शकतात; ३० जूनपर्यंत कोअर सुरू असतो, मग पावसाळ्याचे तीन महिने बंद. मामा-भाचे उठतील, दूध-बिस्किटं खातील, अंगणात माकडं बघतील. सकाळी नऊ-साडेनऊला तुम्ही परत. यजमानांना हे सांगताना अवघडल्यासारखं वाटेल, पण स्वयंपाकासाठी मी घरी राहते असं तुम्ही एका दमात लिहू शकलात, तर भाच्याजवळ चार तास राहायला त्यांना का जड जावं?

सिल्लारीच का, खुर्सापार का नाही, असं जावई विचारतील. खुर्सापारला वाघ दिसण्याचा लौकिक आहे, हे खरं. पण सिल्लारीचं जंगल बघायला फार देखणं. तोतलाडोह धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, काठाला कोवळं गवत फुटतं आणि सकाळच्या पहिल्या उजेडात चितळांचे कळप तिथे उतरतात. भुताच्या झाडाचं पांढरं खोड जावयांना दाखवा, गाइड थांबवतोच. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळाला, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा. तुमच्या आठवड्यात पौर्णिमा आहे, ३१ मेला, त्यामुळे तारे कमी दिसतील. तरी रात्री जेवण झाल्यावर दिवे मालवून दहा मिनिटं मुलांना अंगणात उभं करा. वर्धा रोडच्या दिव्यांत वाढलेल्या लेकीला तेवढंही पुष्कळ.

सिल्लारी मिळालं नाही तर चोरबाहुली बघा, हमरस्त्याला लागून आहे. तेही नाही, तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, नागपूरहून साठेक किलोमीटर. किंवा बोर, हिंगणीच्या पुढे. लहानसा व्याघ्र प्रकल्प तो, पण डोंगर आणि धरण छान. दोन्ही ठिकाणी सुट्टीचा वार ताडोब्यापेक्षा वेगळा असतो, तारीख निवडताना दिसेलच.

आणि ताडोबा? जावयांची हौस मोडू नका. धोंड्याचा जावई आहे, अनारसे-बत्तासे द्याल, तांब्या-दिवा द्याल, तसं हेही. पण ताडोब्याचा दिवस साळा-मेहुण्यांचा वेगळा ठेवा. दोघांनी रविवारी संध्याकाळी निघावं, सोमवारी १ जूनला सकाळची आणि दुपारची अशा दोन पाळ्या कराव्या, रात्री घरी. शनिवार-रविवारपेक्षा अधल्यामधल्या वारी शुल्कही कमी पडतं आणि गर्दीही. मोहर्लीचाच हट्ट असेल तर चंद्रपूरच्या बाजूने जावं लागतं; नागपूरकरांना कोलारा जवळ, उमरेड-चिमूरवरून. एक मात्र बजावून सांगा, गेट ठरेपर्यंत हॉटेल घेऊ नका. मोहर्लीला खोली आणि कोलाऱ्याचं परमिट, असं झालं की बाहेरून अख्ख्या जंगलाला वळसा पडतो. पहाटेच्या पाळीला ते जमत नाही.

एवढ्या उशिरा कोअरच्या जागा संपल्या असतील तर बफर, म्हणजे कोअरभोवतीचं जंगल, घ्या, आणि कमी प्रतीचं मिळालं असं मनात आणू नका. ताडोब्याचा बफर कोअरपेक्षा मोठा आहे, अकराशे चौरस किलोमीटरचा. कोलाऱ्याकडे अलीझंझा आणि मदनापूर, मोहर्लीकडे आगरझरी, देवाडा, जुनोना. वाघाला कोअर-बफरची रेघ कुठे दिसते? त्याचे पाणवठे दोन्हीकडे. शुल्क कमी, आणि गाडीत बसणारा गाइड बहुधा त्याच गावातला पोरगा असतो. मला बफर आवडतो तो याच कारणाने. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया पहाटे तेंदूपत्ता तोडायला याच जंगलात जातात, आणि दरवर्षी त्यांतल्या काही वाघाच्या हल्ल्यात सापडतात. वाघाच्या शेजारी राहायची किंमत ती गावं मोजतात. आपण वाघ बघायला दिलेला रुपया त्या गावातल्या एखाद्या पोराच्या हाती पडला, तर बरं वाटतं. जावयांनी गाइडशी वाघासोबत गावाबद्दलही दोन शब्द बोलावं. एका आगरझरीच्या पोराने मला मोहाचं फूल पहाटेच का वेचतात ते असं सांगितलं होतं की त्या फेरीला वाघ दिसला नव्हता, हे मला घरी आल्यावर आठवलं.

तिथेच एक विनंती जावयांच्या कानावर घाला. वाघ दाखवला तर एवढे देईन, असं ड्रायव्हरला म्हणू नये. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात जिप्सींनी दोन्ही बाजूंनी रस्ता अडवून एफ-२ नावाच्या वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना कोंडीत धरलं होतं. त्याचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली, गाइड आणि ड्रायव्हरांवर कारवाई झाली. ती गाडी तिथे नेणाऱ्या हाताला मागून कोणीतरी, आणखी पुढे घ्या ना भाऊ, असं म्हटलेलं असतं. बक्षिसी जरूर द्या, पण फेरी संपल्यावर, वाघ दिसो न दिसो, तीच. ड्रायव्हरला हे सुरुवातीलाच सांगितलं की तोही मोकळा होतो. मग तो मोरापाशी थांबतो, अस्वलाने उकरलेलं वारूळ दाखवतो, चितळाचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्याचा इशारा, आला की गाडी बंद करून कान देतो. त्या दोन मिनिटांत गाडीतलं कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाही. तुमच्या लेकीला ती दोन मिनिटं मिळायला हवीत. मोबाइल आत वापरता येत नाही, त्यामुळे ती दोन मिनिटं कोणी रेकॉर्डही करणार नाही.

उन्हाची तयारी तुम्हाला मी काय सांगणार, नागपूरच्याच आहात. पण पुण्याच्या माणसांना आपल्या उन्हाची कल्पना नसते. नणंदेला ओला दुपट्टा कानावरून बांधायला लावा, जावयांच्या खिशात कांदा ठेवा, हसले तरी. कैरीचं पन्हं घरून, बाटलीत मीठ जरा जास्त. कपडे मातकट किंवा हिरवट. धोंड्याची नवी लाल पैठणी दुसऱ्या दिवशी. ओळखपत्रं मूळ, फोटो किंवा झेरॉक्स नव्हे, आणि बुकिंगमध्ये ज्या ओळखपत्राचा नंबर टाकला तेच. जावयांचं नाव पूर्ण टाका, घरी हाक मारता ते नको. मुलीचंही नाव आणि वय फॉर्ममध्ये न चुकता भरा.

राहिली ती तुमची धास्ती, जावयाला वाघ दाखवता आला नाही तर. पेंचला एक सकाळ आणि ताडोब्याला दोन पाळ्या म्हणजे तीन फेऱ्या झाल्या. एवढ्या नवतप्यात, पाणी आटलेल्या जंगलात तीन फेऱ्या म्हणजे चांगली संधी आहे. तरीही नाही दिसला तर तो वाघाचा प्रश्न, सासरचा मान त्यावर ठरत नाही. ज्या माणसाला मोठा कॅमेरा घेऊन पंचेचाळीस डिग्रीत जंगलात जावंसं वाटतं, त्याला हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. एकदा मोकळेपणाने विचारून बघा, ते आजवर किती फेऱ्यांतून रिकामे परत आलेत.

म्हणून आज रात्री संकेतस्थळ उघडायच्या आधी सासूबाईंशी बोला. त्यांनी हो म्हटलं तर सहा नावांच्या रकान्यात पहिलं नाव त्यांचं. नाही म्हटलं तर शुक्रवारी परतताना गाडी रामटेकला वळवा. दुसऱ्या ओळीत कोणाचं नाव लिहायचं ते तुम्हाला माहीत आहे. ओळखपत्र आत्ताच पर्समध्ये काढून ठेवा.